पालथा बसवलेला दगड

मी वाइहाला नावाच्या ओढ्याकाठचा एक काळा दगड बोलतोय. अंगाने दणकट आहे, दोघांनी जोर लावल्याशिवाय किंवा पहार घातल्याशिवाय हलत नाही. स्वभावाने मात्र फारसा चांगला नाही, हे आधीच सांगून टाकतो. दगडाला कसली आलीय लाज, असं तुम्ही म्हणाल. मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं.

माझा जन्म डोंगराच्या पोटातल्या आगीतून झाला, पण आमच्या बेटावरच्या सगळ्याच दगडांचा तसा होतो, त्यात मिरवण्यासारखं काही नाही. माझी गोष्ट सुरू होते ती ओढ्यात एका माणसाने मला पाहिलं तिथपासून. तो माझ्याजवळ उकिडवा बसला. स्वतःचं नाव सांगितलं, बापाचं सांगितलं आणि म्हणाला, "खाचराला पाणी द्यायचंय. येतोस का?"

तेव्हा दगड उचलायचा तर आधी विचारायची रीत होती. कशासाठी नेतोय तेही सांगावं लागे. विचारून झाल्यावर तो थोडा वेळ तसाच बसून राहिला. दगड काय उत्तर देणार? पण तो थांबला होता, हे मला अजून आठवतं.

उतारावर एकाखाली एक अशी अळूची सहा खाचरं होती, प्रत्येकाला दगडी बांध. सगळ्यात वरच्या खाचराच्या तोंडाशी मला बसवलं, पोट चिखलात आणि पाठ वर. पाटाचं पाणी माझ्या पाठीवरून पहिल्या खाचरात उतरायचं, तिथून दुसऱ्यात, आणि सहाव्यातून पुन्हा ओढ्यात. ओढ्याचं पाणी वापरून झालं की ओढ्याला परत, हा नियम होता. पाट साफ करायला जो येईल त्यालाच पाटकरी पाणी सोडायचा. घरी लोळत पडणाऱ्याचं अळू वाळून जायचं आणि वर लोक हसायचे ते वेगळंच.

माझ्या पाठीवरून इतकं पाणी गेलं की पाठीला पन्हळ पडली. गुळगुळीत, मूठ बसेल एवढी खोल. ती पडायला किती पिढ्या गेल्या ते मी मोजलं नाही. चिखलात उतरायच्या आधी बायका तिच्यात हात धुवायच्या. पोरं बोटं घालून पाणी अडवायची आणि धपाटे खायची.

अळू म्हणजे आमच्याकडच्या माणसांचा थोरला भाऊ. आधी तो जन्मला, मग माणूस. त्याचे कंद उकडून, कुटून, पाणी घालून सरसरीत केले की पोई होते, आणि ती जेवणात सगळ्यांच्या मधोमध ठेवतात. पोईचं भांडं उघडं असेतोवर वाकडा शब्द काढायचा नाही, कुणाचं उणंदुणं बोलायचं नाही. थोरल्या भावासमोर भांडायचं नसतं. ही रीत मला फार आवडायची. तिचा वेगळाही उपयोग होतो हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

मग एका वर्षी पाणी आलं नाही. डोंगरात वर उसाच्या मळेवाल्यांनी बोगदा खणला आणि ओढा पलीकडे नेला. लोकांनी दोन वर्षं वाट पाहिली, वरती जाऊन भांडून आले, आणि शेवटी एकेक घर मळ्यात नाहीतर गुरांच्या रानात कामाला लागलं. खाचरांत पेरूचं रान माजलं. माझी पन्हळ पाचोळ्याने भरली. तरी सहाही बांध जागेवर होते, कारण बांध घालणाऱ्यांनी ते एका पिढीसाठी घातलेच नव्हते.

आता एनोका काहालेचं सांगतो. ही खाचरं त्याच्या आजीची. तो गुरांच्या रानात कामाला होता, पण त्याची खरी विद्या दगडाची. मातीचुना न लावता नुसता दगडावर दगड रचून गडगा घालावा तर त्यानेच, असं सगळा किनारा म्हणायचा. ओढ्यात गुरं पडून मरायला लागली तेव्हा मुकादमाने त्याला सांगितलं, कड्याच्या धारेने छातीएवढा गडगा घाल, महिना अखेरीच्या आत घाल, तुला जमत नसेल तर दुसरा बघतो. घरात सात लेकरं. गडग्याचा दगड आणायचा तर वरच्या माळावरून, अर्ध्या दिवसाची वाट. आणि खाचरांचे बांध तर पन्नास पावलांवर.

तो माझ्यापाशी आला तेव्हा बराच वेळ उभा होता. बसला नाही. नाव सांगितलं नाही. त्याला रीत ठाऊक नव्हती असं नाही, त्याच्या आजीने त्याला माझ्याच शेजारी बसवून ती शिकवली होती. पण विचारायचं तर कशासाठी ते सांगावं लागलं असतं.

त्याची थोरली मुलगी मोआनी बरोबर होती, चौदा वर्षांची. दगडाखालच्या फटीत ठोकायच्या बारीक चिपा टोपलीत भरायचं काम तिच्याकडे होतं.

"बाबा, हा पाण्याचा दगड ना?" तिने विचारलं.

"तू चिपा भर," एनोका म्हणाला.

दगड रचण्याचे त्याचे दोन नियम होते. पहिला, दगडाचं पोट खाली आणि पाठ वर. दुसरा, वरच्या दगडाला चीप लावायची नाही. तो म्हणायचा, चीप लागली म्हणजे दगड चुकला. मला त्याने गडग्याच्या टोकाशी, सगळ्यात वर बसवलं आणि दोन्ही नियम मोडले. पन्हळ खाली घातली. मी डगमगायला लागलो तेव्हा खाली तीन चिपा ठोकल्या. पन्हळ कुणाला दिसली असती तर मी कुठला ते लगेच कळलं असतं. पालथा घातल्यावर मी चारचौघांसारखा झालो.

आता माझी गोष्ट. तुम्हाला वाटेल, मी रडलो असेन. खरं सांगतो, मला बरं वाटलं. चिखलात शतकं काढली होती, पाठीवरून पाणी, पोटाखाली गांडुळं. इथे वारा होता आणि लांबवर समुद्र दिसत होता. पहिल्याच मोठ्या पावसात माझ्या रिकाम्या जागेतून लोंढा शिरला आणि फोडलेल्या बांधावरून वरच्या खाचराची माती घळाघळा वाहून गेली, मग दुसऱ्याची. मी ते पाहिलं, आणि मग पुन्हा समुद्राकडे पाहिलं.

एनोकाचा गडगा नावाजला गेला. रविवारी अख्खं काहाले घराणं तिथल्या आंब्याखाली जेवायला जमायचं. माझं पोट सपाट, म्हणून पोईचं भांडं माझ्यावर. झाकण निघालं की एनोका गडग्याची गोष्ट सांगायचा. पहिल्या वर्षी तो एवढंच म्हणायचा की महिनाभरात गडगा उभा केला. पुढे दगड ओढ्यातून आणले असं झालं. त्यापुढे पाठीवरून आणले असं झालं. दगडांचं वजन वर्षागणिक वाढत गेलं. माझं एकट्याचं वजन शेवटी शेवटी एका बैलाइतकं झालं होतं, आणि मीही ते फुकट मिरवून घेतलं.

मोआनी सगळ्यांना वाढत असायची. तिचा हात मध्येच थांबायचा. पण भांडं उघडं असायचं, ती काही बोलायची नाही. एनोका लबाड होता असं मी म्हणणार नाही. पण भांडं उघडल्याशिवाय तो ही गोष्ट कधी सांगत नसे, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

मोआनीने एक केलं. सहाव्या खाचराच्या ओलसर कोपऱ्यात जुन्या अळूची चार रोपं तग धरून होती. तिने ती आपल्या परसात नेऊन लावली. कंद काढला की शेंडा पुन्हा मातीत, असं करत साठपासष्ट वर्षं जगवली. त्या भांड्यातली पोई त्याच अळूची असायची. जेवणारे बोटं चाटायचे, पण अळू कुठलं हे कुणी विचारायचं नाही, आणि ती सांगायची नाही.

एनोका गेला. गावाने गडग्यावर त्याच्या नावाची पितळी पाटी लावली. धाकटा मुलगा आपेला त्याच्याच हाताखाली दगडाचं काम शिकून मोठा झाला होता. गडगा घातला तेव्हा तो रांगत होता, त्यामुळे त्याला ठाऊक होती ती फक्त गोष्ट. ती तो बापापेक्षा रंगवून सांगायचा. सांगताना माझ्यावर थाप मारायचा, मी किंचित डुगडुगायचो, आणि तो म्हणायचा, "म्हातारा अजून जिता आहे बघा."

मग घरं बांधणारी एक कंपनी आली. तिला खालचा उतार हवा होता, रस्ता आणि चाळीस घरांसाठी. आमच्याकडे कायदा असा की पूर्वजांची शेती जिथे असेल तिथे यंत्र चालवता येत नाही. म्हणून जमीन तपासायला नाकासोने नावाच्या बाई आल्या. ह्याच बेटावर वाढलेल्या, कामाला चोख. त्यांनी पेरूच्या रानात आठवडा काढला. पण बांध गेल्यावर खाचरं खाचरांसारखी कुठे दिसणार? सगळा नुसता उतार झाला होता.

शेवटच्या दिवशी काहाले मंडळींनी त्यांना आंब्याखाली जेवायला बोलावलं. पाहुण्याला जेवू घालायचं ही आमच्याकडची सवय, मग पाहुणा कुणाच्याही बाजूचा असो. भांडं उघडलं आणि आपेलाने गोष्ट सुरू केली. नाकासोने बाईंनी वही काढली. गडग्यावरून हात फिरवत त्या म्हणाल्या, "हे दगड पाण्यात झिजलेले दिसतात. कुठून आणले असतील?"

"ओढ्यातून," आपेला म्हणाला. "बाबांनी पाठीवर वाहिले. विचारा ताईला, ती होती तिथे."

सगळ्यांनी मोआनीकडे पाहिलं. ऐंशीला टेकलेली बाई, मांडीवर हात ठेवून बसली होती. तिने भांड्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "बाबांनीच बांधला."

ते खरंच होतं. नाकासोने बाईंनी ते लिहून घेतलं. वाकडं बोलायचं नाही म्हणून ती गप्प राहिली आणि सगळ्या खाचरांवर पाणी सोडलं. तिच्यावर मी कसा रागावणार? मी तर तिच्या समोर, भांड्याच्या खाली, पन्हळ लपवून बसलो होतो.

अहवाल आला. त्याची प्रत द्यायला बाई स्वतः आल्या. त्यात लिहिलं होतं, गडगा अलीकडचा, कुटुंबाने तसं सांगितलं आहे. उतारावर पूर्वजांच्या शेतीची खूण नाही. कंपनीने मोठ्या मनाने कबूल केलं होतं की गडग्याचा शेवटचा तुकडा वसाहतीच्या दाराशी शोभेला ठेवू, पाटीसकट. आपेलाचे डोळे भरून आले. बापाचं नाव सरकारी कागदात लागलं होतं. आणि मी? शोभेला ठेवणार त्या तुकड्यात मीही होतो. मी खूश झालो. हे सांगताना आज मला तुमच्याकडे बघवत नाही.

मोआनीने तो कागद दोनदा वाचला. दुसऱ्या दिवशी ती एकटीच काठी टेकत आली आणि पेरूच्या रानात शिरली. माझी जुनी जागा होती तिथे बराच वेळ उभी राहिली. परत जाताना तिने माझ्या कडेखाली बोटं घालून चाचपून पाहिलं. बोटांना पन्हळीचा काठ लागला असावा. तिने हात पटकन मागे घेतला.

गुरुवारी दुपारी जिल्ह्याच्या समितीचे लोक जागा बघून शिक्कामोर्तब करायला आले. पाच जण, शिवाय कंपनीचा माणूस आणि नाकासोने बाई. आपेलाने आंब्याखाली पानं मांडली होती, खारवलेला मासा, शिजवलेलं डुक्कर, रताळी. माझ्यावर पोईचं भांडं ठेवून त्याने झाकण काढलं आणि घसा खाकरला.

मोआनी उठली. तिने त्याच्या हातातलं झाकण घेतलं आणि भांड्यावर परत ठेवलं.

"ताई, अगं अजून कुणी जेवलं नाही."

"म्हणूनच झाकलं. मला वाकडं बोलायचंय."

काहाले मंडळींतला एकेक माणूस पानावरून मागे सरकला. बाहेरच्यांना काय चाललंय ते कळेना, पण तेही सरकले.

"हा गडगा बाबांनी बांधला," ती म्हणाली. "पण दगड ओढ्यातले नाहीत. खाली बाबांच्या आजीची सहा खाचरं होती, त्यांचे बांध फोडून आणले. चिपा मी भरत होते. चौदा वर्षांची होते, दूधखुळी नव्हते. मागच्या वेळी ह्या बाईंनी समोर बसून विचारलं, तरी मी गप्प बसले."

"बाबा असते तर बोलली असतीस हे?" आपेलाने विचारलं.

"नसते बोलले. त्याचीच तर लाज वाटते मला."

कंपनीचा माणूस सौम्यपणे म्हणाला की आजींच्या भावना आम्ही समजू शकतो, पण कागदावर काहीतरी पुरावा लागतो. मोआनीने भांडं उचलून गवतावर ठेवलं आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "हा उलटा करा."

"बाबांच्या दगडाला कुणी हात लावायचा नाही," आपेला म्हणाला.

तिने वाद घातला नाही. काठी टाकली, खाली वाकली आणि मला खांदा लावला. मी थोडासुद्धा हललो नाही. माझ्या हातात असतं तर त्या क्षणी मी स्वतःहून उलटलो असतो, पण दगडाच्या हातात काही नसतं. तिने पुन्हा जोर लावला. तिच्या तोंडून कण्हणं बाहेर पडलं.

"सरक," आपेला म्हणाला. "पाठ मोडून घेशील." तो गाडीतून पहार घेऊन आला.

त्याने माझ्या कडेखाली पहार घातली आणि थांबला. त्याला चिपा दिसल्या, एक, दोन, तीन. इतकी वर्षं माझ्यावर थापा मारणाऱ्याने कधी वाकून खाली पाहिलं नव्हतं. बापाच्या हाताखाली शिकलेल्या कारागिराला आता कुणी काही सांगायची गरज नव्हती.

"वरच्या दगडाला चीप लावायची नाही म्हणायचे," तो पुटपुटला. "मी एकदा लावली तर कानफटात मारली होती मला."

मग त्याने पहारेवर भार टाकला आणि मी उलटलो. पन्हळीवर ऊन पडलं. तिच्यात कोळ्याचं जाळं होतं आणि जुन्या शेवाळाचा काळा डाग. नाकासोने बाईंनी गुडघे टेकले, वरून खालपर्यंत बोट फिरवलं, आणि मोआनीला विचारलं की हा कुठे बसायचा, दाखवाल का. दोघी पेरूच्या रानात गेल्या. समितीचे लोक मागोमाग गेले. आपेला गेला नाही. तो माझ्यासमोर पहार धरून उभा होता.

"ठाऊक होतं त्यांना," तो म्हणाला. कुणाला म्हणाला कोण जाणे, जवळ मीच होतो. "म्हणून पालथा घातला."

मंडळी परत आल्यावर मोआनीने भांड्याचं झाकण काढलं आणि म्हणाली, आता जेवा, पोई त्याच खाचरांतल्या अळूची आहे. सगळे जेवले. आपेला पाठ करून बसला होता. त्याने घास घेतला नाही.

पुढचं थोडक्यात सांगतो. नाकासोने बाईंनी माझ्या जागेपाशी खणलं, मातीचे थर पाहिले, पाटाची रेघ शोधून काढली आणि स्वतःचा अहवाल स्वतःच खोडून नवा लिहिला. "पहिल्या अहवालाची चूक माझी आहे," असं त्यांनी त्यात लिहिलंय म्हणतात. चूक एकट्या त्यांची नव्हती. यंत्रं आली नाहीत. सहाही खाचरांभोवती दोरी लागली आणि गडगा उतरवून बांध परत घालायचे ठरले. पितळी पाटी आपेलाने कुणी सांगायच्या आधीच काढून नेली. त्यानंतर तो चार महिने इकडे फिरकला नाही. बहिणीशीही बोलत नव्हता.

गेल्या शनिवारी सकाळी तो आला. मी गडग्याच्या पायथ्याशी, पन्हळ वर करून पडलेला. रात्रीच्या पावसाचं पाणी तिच्यात साचलं होतं. मोआनी आणि पोरं खाली पेरू तोडत होती. त्याने पहार बाजूला ठेवली, माझ्यासमोर उकिडवा बसला. गुडघे कुरकुरले.

"मी आपेला," तो म्हणाला. "एनोकाचा मुलगा." मग पन्हळीवर हात ठेवला. "खाचराला पाणी द्यायचंय. येतोस का?"

आणि तो बसून राहिला. मला मान असती तर शरमेने मी ती वर केली नसती, पण होकाराला हलवली नक्की असती.

आता मी माझ्या जागी आहे, पोट चिखलात, पाठ वर. इथून समुद्र दिसत नाही. पाट साफ झालाय, पण पाणी अजून डोंगरातल्या बोगद्यातूनच पलीकडे जातं. त्यासाठी मोआनी आणि आपेला एका गाडीत बसून जिल्ह्याच्या खेपा घालताहेत, वाटेत भांडतात म्हणे. कधी येईल पाणी, मला ठाऊक नाही. माझी पन्हळ कोरडी आहे.

तुमच्या दाराशी, अंगणात, गडग्यात एखादा देखणा दगड असेल तर माझी एक विनंती आहे. जेवायला बसायच्या आधी, भांड्यांची झाकणं काढायच्या आधी, एकदा वाकून त्याच्या खाली बघा. चिपा दिसल्या तर घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा. आणि विचारल्यावर थोडं थांबा.